माहीत असणं आणि येणं : कॉलेजातलं पोहणं, कॉलेजातलं संगीत नाटक आणि वर्धा



विषयाचं नाव वाचून दोघातिघांनी आयोजकांना विचारलं म्हणे, की पोहण्याच्या स्पर्धा आणि संगीत नाटक हे एका व्याख्यानात कसं बसवणार? प्रश्न रास्त आहे. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे नसलेली नाती जुळवायची खोड आम्हाला आहे हेही कबूल. पण हे नातं आमचं नाही, प्लेटोचं आहे. त्याच्या म्हातारपणच्या ग्रंथात, ‘कायदे’ या संवादात, शिक्षणाची चर्चा आहे. तिथे तो विचारतो, अशिक्षित कोणाला म्हणायचं? उत्तर असं, की ज्याला समूहात गाता-नाचता येत नाही त्याला. ग्रीक नाटकाचा पायाच तो समूह, ‘कोरस’. त्याच ग्रंथात पुढे ग्रीकांची एक म्हण येते. अडाणी माणसाबद्दल ते म्हणत, याला ना अक्षर येतं ना पोहता येतं. म्हणजे बघा, शिकलेल्या माणसाच्या खुणा तीन : अक्षर, गाणं आणि पोहणं. आमच्या विद्यापीठांनी त्यातली एक ठेवली आणि दोन ‘इतर उपक्रमां’च्या रकान्यात टाकल्या.

आपल्याकडेही पंडित आणि नावाडी यांची गोष्ट आहे. पंडित विचारतो, व्याकरण शिकलास का? नाही म्हटल्यावर म्हणतो, अर्धं आयुष्य फुकट गेलं. मग वादळ येतं आणि नावाडी विचारतो, महाराज, पोहता येतं का? पुढचं तुम्हाला माहीत आहे. रूमीच्या ‘मस्नवी’तही ही गोष्ट आहे. सगळे हसतात आणि पुन्हा व्याकरणाला लागतात.

आता मराठी भाषेकडे बघा. ‘वर्धा नदी कुठून निघते ते मला माहीत आहे’ असं आपण म्हणतो. पण ‘मला पोहणं माहीत आहे’ असं म्हणत नाही. ‘मला पोहता येतं’, ‘तिला गाता येतं’ असं म्हणतो. गिल्बर्ट राइल या इंग्रज तत्त्वज्ञाने १९४९ च्या आपल्या पुस्तकात हाच भेद मांडला. एखादी गोष्ट तशी आहे हे जाणणं वेगळं आणि ती करता येणं वेगळं. विद्यार्थ्यांना हे समजावताना आमचा एक तास जायचा. आमच्या आजीने ते चार शब्दांत सांगितलं असतं : कळतं, पण वळत नाही. आजचं सगळं बोलणं या ‘माहीत असणं’ आणि ‘येणं’ यांच्या मधल्या जागेबद्दल आहे. आणि तो इतिहास वर्धा जिल्ह्यात उभं राहून सांगायचा, कारण भारतात हा प्रश्न सर्वात स्पष्टपणे विचारला गेला तो इथेच.

थोडं मागे जाऊ. वर्धा जिल्हा १८६२ साली नागपूरपासून वेगळा झाला. शहर १८६६ मध्ये पालकवाडीच्या जागी वसलं. पुढच्याच वर्षी, १८६७ ला, मुंबईहून येणारी रेल्वे नागपूरला पोहोचली आणि वर्धा वाटेवरचं ठाणं झालं. रेल्वेने कापूस बाहेर गेला आणि नाटक कंपन्या आत आल्या. अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ पुण्यात ३१ ऑक्टोबर १८८० ला रंगमंचावर आलं. त्यानंतरची चाळीसेक वर्षं पडदे, पेट्या, पोशाख यांसह कंपन्या मुक्काम हलवत गावोगाव हिंडल्या, विदर्भातही आल्या. आमच्या आर्वीकडच्या माणसाला ‘शकुंतला’ म्हटलं की आधी नाटक आठवत नाही, पुलगाव-आर्वी ही छोटी गाडी आठवते, ते सोडा. पण पदं गावात पोहोचली होती. ज्यांनी नाटक कधी पाहिलं नाही अशी माणसं सुद्धा ‘सौभद्र’ची पदं गुणगुणत.

ती पदं त्यांना शिकवली कोणी? कोणीच नाही. ऐकून ऐकून ती आली. पोहण्याचंही तसंच. आमच्या पिढीला पोहणं शिकवलं ते विहिरीने. कमरेला दोर, पाठीला वाळका भोपळा नाहीतर पत्र्याचा बंद डबा, आणि काठावर मोठं कोणीतरी माणूस. आमच्या मामांनी आम्हाला असंच शिकवलं. हातपाय झाडून आम्ही घाबरेघुबरे झालो की ते वरून म्हणायचे, “पान्याशी भांडू नको, पोट्ट्या. भरोसा ठेव, थे तुले वर उचलते.” एक दिवस दोर ढिला होता, हे आम्हाला बाहेर आल्यावर कळलं. त्या दिवशी पोहणं ‘आलं’. त्याच्या आदल्या दिवशी आम्हाला जे माहीत होतं त्यात त्या दिवशी एका शब्दाचीही भर पडली नव्हती.

कॉलेज या संस्थेचं अशा विद्यांशी नातं सुरुवातीपासून थोडं अवघडलेलं आहे. दोन तरुणांची उदाहरणं घेऊ. पहिले लोकमान्य टिळक. चरित्रकार सांगतात, की डेक्कन कॉलेजात गेल्यावर पहिलं वर्ष त्यांनी तालीम आणि पोहणं यांत घालवलं. प्रकृती किरकोळ होती, ती कमावली. त्या वर्षी परीक्षा बुडाली. आज आपण ही गोष्ट कौतुकाने सांगतो, पण टिळक पुढे टिळक झाले म्हणून. एरवी ते एक वाया गेलेलं वर्ष ठरलं असतं.

दुसरा तरुण बुडापेस्टचा, आल्फ्रेड हायोश. हा वास्तुशास्त्राचा विद्यार्थी. तेरा वर्षांचा असताना त्याचे वडील डॅन्यूब नदीत बुडून गेले. त्यानंतर त्याने पोहणं मनावर घेतलं. १८९६ मध्ये अथेन्सला पहिलं आधुनिक ऑलिम्पिक झालं, तेव्हा टँक नव्हता. शर्यती पिरेअसजवळच्या समुद्रात, थंडगार पाण्यात झाल्या. हायोशने १०० मीटर आणि १२०० मीटर अशा दोन्ही शर्यती जिंकल्या. अंगाला चरबीचा जाड थर फासून तो उतरला होता. पुढे त्याने सांगितलं, की लांबच्या शर्यतीत जिंकण्यापेक्षा जिवंत बाहेर येण्याचाच विचार जास्त होता. तो कॉलेजात परतला तेव्हा विभागप्रमुखांनी त्याचं अभिनंदन केलं नाही. तुमच्या पदकांत मला रस नाही, पुढच्या परीक्षेत काय उत्तरं देता ते बघू, अशा अर्थाचं काही ते म्हणाले, असं सांगतात. गंमत अशी, की १९२४ साली पॅरिस ऑलिम्पिकमध्ये तेव्हा असणाऱ्या कलास्पर्धांत याच हायोशला वास्तुकलेचं रौप्यपदक मिळालं. आराखडा कशाचा होता? क्रीडागाराचा. विभागप्रमुखांना जे दोन कप्पे वाटले ते त्या माणसाच्या अंगात एकच होते.

आता वर्ध्यात येऊ. गांधीजी १९३४ मध्ये वर्ध्याला आले आणि १९३६ ला सेवाग्रामात राहू लागले. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ या दोन दिवशी वर्ध्याच्या नवभारत विद्यालयात राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. तिथून निघाली ती नयी तालीम. हाताने काम करत शिकायचं, काम हा शिक्षणानंतरचा उद्योग नव्हे, कामातूनच शिक्षण, हा तिचा गाभा. डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने अभ्यासक्रम केला. लोकांना त्यातला चरखा आठवतो. पण त्या अभ्यासक्रमात संगीत हा स्वतंत्र विषय होता, चित्रकला होती आणि शरीरसंवर्धन विज्ञानाच्या विषयातच गुंफलं होतं. म्हणजे ‘येणं’ आणि ‘माहीत असणं’ एकाच पाटावर बसवायचा तो प्रयत्न होता. नाटकाबद्दल गांधीजी कोरडे असतील असं काहींना वाटतं. पण लहानपणी पाहिलेल्या हरिश्चंद्राच्या नाटकाने आपल्या मनाची किती पकड घेतली, हे त्यांनी आत्मचरित्रात स्वतः लिहिलं आहे. सत्य त्यांना आधी रंगमंचावर दिसलं.

पुढे तीनच वर्षांनी, १९४० मध्ये, याच वर्ध्यात गोविंदराम सेकसरिया वाणिज्य महाविद्यालय सुरू झालं, आणि १९६२ मध्ये जानकीदेवी बजाज विज्ञान महाविद्यालय. राष्ट्रीय वृत्तीच्या लोकांनी ती कष्टाने उभी केली. पण महाविद्यालय म्हटलं की विद्यापीठ आलं, आणि विद्यापीठ म्हणजे १९२३ मध्ये स्थापन झालेलं नागपूरचं. तिथे परीक्षा हाच कणा. नयी तालीम शाळेच्या वयापाशी थांबली आणि कॉलेजच्या दारात ‘माहीत असणं’ एकटंच आत गेलं. पोहणं गेलं क्रीडा विभागात, गाणं गेलं स्नेहसंमेलनात. एका गावात, सात-आठ किलोमीटरच्या आत, शिक्षणाच्या दोन कल्पना शेजारी शेजारी राहिल्या आणि एकमेकींशी फारसं बोलल्या नाहीत. आमच्या मते वर्ध्याच्या शैक्षणिक इतिहासातली खरी हळहळ ती ही.

पण कप्प्यात टाकल्या म्हणून विद्या मरत नाहीत. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा होत. अमरावती विद्यापीठ १९८३ मध्ये निघेपर्यंत अमरावतीकडची मुलंही याच स्पर्धांना येत. आणि अमरावती म्हणजे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं गाव. मंडळ १९१४ चं. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी तिथे जाऊन आपले देशी खेळ दाखवून आलेलं. त्या मुलांसमोर आम्ही विहिरीवाले.

टँकमध्ये पहिल्यांदा उतरलो तेव्हा आमची काय तारांबळ उडाली ते सांगतो, कारण त्यात इतिहासाचा एक मुद्दा आहे. विहीर खोल असते आणि अरुंद असते. तिथे माणूस सूर मारायला, मुटका मारायला, तळाची माती आणायला, तासभर तरंगायला शिकतो. पन्नास मीटर सरळ जाणं त्याला ठाऊकच नसतं. दोरीने आखलेली पट्टी, भिंतीला लाथ मारून वळणं, शिट्टी आणि घड्याळ, सगळं नवीन. शिवाय प्रकार ठरलेले : फ्रीस्टाइल, पाठीवरचं, छातीवरचं आणि बटरफ्लाय. हा चौथा प्रकार १९५२ पर्यंत जगातही स्वतंत्र मानला जात नव्हता. आम्ही शेवटून दुसरे आलो. पण तिथल्या प्रशिक्षकांनी एक वाक्य सांगितलं : श्वास धरू नका, पाण्यात सोडा. नवशिका दम कोंडून धरतो आणि म्हणून थकतो. तोंड पाण्यात असतानाच श्वास सोडून टाकायचा, म्हणजे मान वळवली की घ्यायला जागा असते.

आणि मंडळी, त्याच हिवाळ्यात गॅदरिंगच्या तालमीत पेटीमास्तरांनी आम्हाला तंतोतंत हेच सांगितलं. आम्हाला एक नाट्यपद होतं. ओळीच्या मध्येच आमचा दम संपायचा. ते म्हणाले, सुरुवातीला छाती फुगवून बसतोस म्हणून असं होतं, श्वास सोडत गा, आणि पुढचा श्वास कळू न देता घे. गाण्यात त्याला दमसास म्हणतात. ही दोन माणसं एकमेकांना ओळखत नव्हती. त्यांचे विभाग वेगळे, खर्चाची पानं वेगळी. पण विद्या एकच होती.

कॉलेजच्या संगीत नाटकाची एक खासियत सांगायला हवी. पूर्ण नाटक क्वचितच व्हायचं. ‘शारदा’, ‘संशयकल्लोळ’, ‘मानापमान’ यांतला एखादा प्रवेश. नांदी मात्र सगळ्यांनी मिळून म्हणायची. ज्याला भूमिका मिळाली नाही तोही नांदीत उभा असायचा. प्लेटो ज्याला समूहात उभं राहता येणं म्हणतो ते हेच. बेसूर मुलगा शेजारच्याच्या सुरावर रेलून उभा राहायचा आणि दोन महिन्यांत त्याच्याही गळ्यात काहीतरी उतरायचं. तबल्यावर गणिताचे प्राध्यापक, पेटीवर गावातले शिंपीकाका. कॉलेज आणि गाव यांच्यात त्या दोन महिन्यांत भिंत नसे.

विदर्भाने या परंपरेला दिलेलं सर्वात मोठं देणं तुम्हाला माहीत आहे. नागपुरात ‘रंजन कला मंदिर’ काढून तरुण मुलांना उभं करणारे पुरुषोत्तम दारव्हेकर. त्यांचं ‘कट्यार काळजात घुसली’ २४ डिसेंबर १९६७ ला मुंबईत रंगमंचावर आलं. खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे, जन्म मूर्तिजापूरचा, वाढले नागपुरात. संगीत नाटक संपलं असं लोक म्हणत होते त्या काळात जितेंद्र अभिषेकींच्या संगीताने ते पुन्हा उभं राहिलं. आम्ही तेव्हा कॉलेजात होतो. या नाटकाचा विषय काय? स्पर्धा! गायनाच्या मुकाबल्यात पंडित भानुशंकर हरतात आणि गाव सोडतात. खाँसाहेब जिंकतात, त्यांना मान आणि कट्यार मिळते. सदाशिवला मात्र गाणं शिकायचं आहे, त्याला कोणी शिकवत नाही आणि तो चोरून ऐकतो. म्हणजे निकाल लागला, विजेता ठरला, तरी विद्या कोणाची आणि कोणाला मिळायची हा प्रश्न उरतोच.

तो प्रश्न आता नीट विचारला पाहिजे, कारण इथवर आम्ही जुन्या दिवसांचं गोड चित्र काढत आलो. विहीर कोणाची होती? आमच्या मामांची. आमच्या वर्गातल्या किती मुलांना त्या विहिरीच्या काठावर उभं राहता आलं असतं? २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना महाडच्या तळ्याचं पाणी ओंजळीत घेण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, तोंड लावायला, पोहायला नव्हे. इकडे वर्ध्यात १९२८ साली जमनालाल बजाजांनी लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुलं केलं, तेव्हा देशभर त्याची चर्चा झाली, इतकं ते अपूर्व होतं. ज्या समाजात पाणी विटाळतं, तिथे ‘गावच्या विहिरीने सगळ्यांना पोहायला शिकवलं’ हे वाक्य खोटं आहे. आम्ही ते बरीच वर्षं म्हणत आलो. एका विद्यार्थ्याने वर्गात उभं राहून दुरुस्त केलं. तो म्हणाला, “सर, माझे वडील शर्यतीत नव्हते, कारण ते विहिरीतच नव्हते.” त्या मुलाचे आम्ही ऋणी आहोत.

मुलींचंही तेच. रंगमंचावर स्त्रियांच्या भूमिका पुरुष करत. बालगंधर्वांचं मोठेपण त्यातलंच. हिराबाई बडोदेकरांनी १९२९ मध्ये स्वतःची नाटक कंपनी काढली. १ जुलै १९३३ ला ‘नाट्यमन्वंतर’ने ‘आंधळ्यांची शाळा’ केलं, त्यात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी केल्या. संगीत दिलं केशवराव भोळ्यांनी, जन्म अमरावतीचा, डॉक्टर व्हायला मुंबईला गेलेले आणि गाण्यात राहिलेले. आमच्या वेळेपर्यंत मुली गॅदरिंगमध्ये निर्धास्त गात होत्या. पण पाण्यात? आरती साहा १९५९ मध्ये इंग्लिश खाडी पोहून गेल्या, आशियातली पहिली स्त्री. आमच्या पुस्तकात तो धडा होता, आणि तो धडा वाचणारी एकही मुलगी आमच्या विहिरीत नव्हती. टँकला निदान एक गुण आहे, हे मान्य केलं पाहिजे. तो कोणाच्या मामाचा नसतो. सार्वजनिक पैशाने बांधला, सगळ्यांना खुला ठेवला, तर जे विहिरीने केलं नाही ते तो करू शकतो.

मग बिनसलं कुठे? दुसऱ्यांकडे बोट दाखवणं सोपं आहे, म्हणून स्वतःपासून सुरू करतो. नोकरीच्या उत्तरार्धात आम्ही एका महाविद्यालयाच्या सांस्कृतिक समितीवर होतो. त्या वर्षी असं ठरलं, की नाट्यप्रवेशाला दोन महिने तालीम लागते, साथीदारांचं मानधन लागतं, अभ्यासाचं नुकसान होतं. त्यापेक्षा ध्वनिमुद्रित गाण्यांवर नृत्यं बसवावीत, चार दिवसांत होतात. कागद फिरला. त्यावर आमचीही सही आहे. कोणी जबरदस्ती केली नव्हती. त्यानंतर शिंपीकाका कॉलेजात आले नाहीत, कारण त्यांना बोलवायचं कारण उरलं नाही.

काही वर्षांनी पावसाळ्यात एका धरणावर सहलीला गेलेला आमचा एक विद्यार्थी बुडाला. हुशार मुलगा. शोकसभा झाली. दुसऱ्या दिवशी वर्गात आम्ही एकच प्रश्न विचारला, पोहता कोणाला येतं? मोजके हात वर झाले. मुलींच्या बाजूला एकही नाही. पाण्याची खोली कशी ओळखावी, ओल्या दगडावर का जाऊ नये, हे सगळ्यांना माहीत होतं. परीक्षेत विचारलं असतं तर पैकीच्या पैकी गुण मिळाले असते. त्या दिवशी आम्ही राइल शिकवला नाही. शिकवायची गरजच नव्हती.

ही एका गावाची गोष्ट नाही. २०२१ या एका वर्षात जगात सुमारे ३ लाख माणसं बुडून गेली, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि त्यांत लहान मुलं आणि तरुण फार. विहिरी आटल्या, बुजल्या, मोटा गेल्या, हे बरंवाईट जे झालं ते झालं. पण विहिरीची जागा घेणारं काही आपण उभं केलं नाही. धाम तीच आहे, वर्धा तीच आहे, वणा तीच आहे, शिवाय नवी धरणं झाली. पाणी कमी झालं नाही, पाण्याची ओळख कमी झाली.

आता नवं शैक्षणिक धोरण आलं आहे. सह-अभ्यासक्रमालाही श्रेयांक आहेत, खेळाला आहेत, कलेला आहेत. आम्ही याचं स्वागत करतो. सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी वर्षांनी का होईना, १९३७ चा तो वर्ध्याचा विचार विद्यापीठाच्या दाराशी आला. पण एक भीती आहे. श्रेयांकाला पुरावा लागतो, पुराव्याला फाइल लागते, आणि फाइलमध्ये ‘जलतरणाचे फायदे’ असा दहा पानी प्रकल्प फार छान बसतो. असं झालं तर ‘येणं’ पुन्हा ‘माहीत असणं’ होऊन जाईल, आणि या वेळी गुणपत्रिकेसकट.

म्हणून समोर प्राचार्य मंडळी बसली आहेत, त्यांना दोनच विनंत्या. पहिली, पदवी हातात देण्याआधी प्रत्येक मुलाला आणि मुलीला पाच मिनिटं पाण्यावर तरंगता यायला हवं, एवढं ठरवा. पदकं नंतर बघू. प्रशिक्षित माणूस ठेवा, मुलींसाठी वेगळी वेळ ठेवा, आणि टँक शहरात असेल तर आर्वी-कारंजाच्या मुलांना आणायची सोय करा. दुसरी, वर्षातून एकदा तरी जिवंत साथीवर, पेटी-तबला घेऊन, सगळ्यांनी मिळून एक नांदी म्हणा. बक्षीस ठेवू नका. शिंपीकाका आता नाहीत, पण गावात पेटी वाजवणारं कोणीतरी असतंच. त्यांना बोलवा.

त्या जुन्या कागदावरची सही आम्हाला मागे घेता येत नाही. दोर धरून काठावर बसणं मात्र अजून जमतं, गुडघे साथ देतील तोवर. कोणी उन्हाळ्यात वर्ग काढणार असेल तर निरोप द्या, आम्ही येऊ.